औषध आता लागू पडत नाही, डोस वाढवू का?

पत्र:

डॉक्टर, नमस्कार.

आमची घोडी चांदणी १४ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून खोकते. आधी फक्त चारा टाकला की दोन-चारदा ठसका लागायचा, आता जागेवर उभ्या उभ्या धाप लागते. नाकपुड्या फुगतात, श्वास सोडताना पोट आत ओढलं जातं. ताप कधीच नव्हता. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, फरक शून्य. मग श्वासनळ्या उघडणारं क्लेनब्युटेरॉलचं सिरप सुरू केलं. पहिले दहा दिवस घोडी नवीन मिळाल्यासारखं वाटलं. आता महिना झाला, दिलं काय नि न दिलं काय, सारखंच. मधे आम्ही परगावी होतो तेव्हा ती पाच आठवडे ओळखीच्यांच्या कुरणावर होती, तिथे बरी होती म्हणतात. घरी आणली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दादा म्हणतो, बसून बसून तिच्या श्वासाचे स्नायू दुबळे झालेत, रोज पळवून मजबूत करायला हवेत. त्याचं ऐकून एकदा पळवली, तर अर्धा तास तिचा श्वास ठिकाणावर आला नाही. मी तिच्या मानेला धरून रडले. डोस वाढवू का? व्यायाम द्यायचा का? की विकून टाकू?

उत्तर:

नमस्कार ताई,

तुमच्या वर्णनावरून हा घोड्यांचा दमा वाटतो, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. आधी तातडीचं सांगते. चांदणीला पळवणं आजपासून बंद, आणि सिरपचा डोस स्वतःहून वाढवू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. मात्र ती मान पुढे ताणून एकाच जागी उभी राहिली, घास तोंडात धरून चावायची थांबली, हिरड्या निळसर दिसल्या किंवा शांत उभी असताना श्वास मिनिटाला तिसाच्या वर गेले, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि त्याच तासाला डॉक्टरांना बोलवा.

आता दादांचं म्हणणं. त्यांना स्नायूंचा संशय आला तो योग्यच आहे, पण घडलंय ते नेमकं उलटं. चांदणीच्या श्वसनमार्गातला स्नायू दुबळा पडलेला नाही. तो हवा त्याहून जाड झालाय, हवा त्याहून जोराने आवळतोय, आणि आवळायला त्याला अगदी क्षुल्लक निमित्त पुरतंय. अशा स्नायूला व्यायामाने काहीही मिळत नाही. त्या दिवशी तुम्ही जे पाहिलंत ते त्यामुळेच.

ती शांत असताना तिच्या बाजूला उभ्या राहा आणि कुशीकडे बघा. बरगड्यांच्या खालच्या कडेने तिरकी जाणारी एक उंचवट्याची रेघ दिसेल. बऱ्याच दिवसांच्या धापेच्या घोड्यात ती हाताला लागण्याइतकी ठळक असते. हा पोटाचा बाहेरचा तिरपा स्नायू. तो इतका उठून आलाय, कारण चांदणी गेले कित्येक महिने प्रत्येक श्वास पोट आवळून बाहेर ढकलतेय. निरोगी घोड्याला विश्रांतीत श्वास घ्यायला-सोडायला छातीच्या पोकळीतल्या दाबात जेमतेम ५ सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका फरक करावा लागतो. तीव्र झटक्यातल्या घोड्यात हाच आकडा १५ च्या वर जातो, कधी त्याच्या कितीतरी वर. म्हणजे तुमची घोडी उभ्या उभ्या चढण चढतेय. व्यायाम तिला पुरेपूर घडतोय, रात्रीसुद्धा.

पोटाचा हा स्नायू ज्याच्याविरुद्ध झगडतोय तो दुसरा स्नायू बाहेरून दिसत नाही. घशापासून छातीत उतरणारी मोठी श्वासनलिका पुढे झाडासारखी फाटत जाते, आणि त्या फांद्या-डहाळ्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचे धागे वेढे घालून बसलेले असतात. अनैच्छिक म्हणजे घोड्याच्या मर्जीने न चालणारे, आतड्याच्या भिंतीत असतात तसे. ते आवळले की नळी अरुंद होते. निरोगी घोड्यात या स्नायूंचं नेमकं प्रयोजन काय यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही, पण आजारी घोड्यात ते काय करतात यावर मात्र दुमत नाही.

इथे एक हिशेब समजून घ्याच, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नळीतून हवा जाताना होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. सोप्या भाषेत, त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, १६ पट होतो. म्हणून स्नायू थोडासा आवळला तरी घोडी धापा टाकते, आणि थोडासा सैल झाला तरी तुम्हाला "घोडी नवीन मिळाली" असं वाटतं. श्वास सोडताना छाती आत येते, तशा आधीच अरुंद झालेल्या बारीक नळ्या आणखी मिटतात आणि हवा आतच अडकते. म्हणून चांदणीचा त्रास श्वास सोडताना जास्त आहे. तुम्ही पत्रात ते बरोबर टिपलंय, आणि तुमच्या डॉक्टरांनाही हे याच शब्दांत सांगा.

दादांनी कदाचित दुसऱ्याच एका विकाराबद्दल ऐकलं असेल. घोड्यांच्या स्वरयंत्रात एक स्नायू असतो, त्याची नस निकामी झाली (बहुतेक वेळा डाव्या बाजूची) की तो स्नायू खरोखर सुकतो. मग पळताना स्वरयंत्राची झडप पुरती उघडत नाही आणि श्वास आत घेताना मोठा घोगरा आवाज येतो. तिथे "स्नायू दुबळा" हे खरं आहे. पण तो घोडा उभा असताना सहसा ठीक असतो, खोकत नाही, आणि त्याचाही स्नायू पळवून मजबूत होत नाही. चांदणीचं चित्र ते नाही.

चांदणीला घोड्यांचा दमा आहे, आणि तोही तीव्र प्रकारातला, असं तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ खात्रीने वाटतं. वय साताच्या पुढे, ताप नाही, चाऱ्यापाशी खोकला, कुरणावर आराम, तबेल्यात परत आल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा सुरू. जुन्या कागदांवर सीओपीडी किंवा आरएओ असं लिहिलेलं असेल तर गोंधळू नका. नावं बदलत गेली, आता पशुवैद्यक याला "इक्वाइन अस्थमा" म्हणतात. आजार मात्र फार जुना आहे. जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्रज वैद्याने, ज्याला स्वतःला दमा होता, १६९८ मध्ये अशाच धापेच्या घोडीच्या फुप्फुसांचं वर्णन केलंय.

तरी खात्रीसाठी डॉक्टरांकडून दोन गोष्टी करून घ्या. एक, फुप्फुसात थोडं सलाइन सोडून परत ओढून घेतात आणि त्यातल्या पेशी मोजतात. निरोगी घोड्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सुमारे ५ टक्क्यांच्या आत असतात, तीव्र दम्यात २५ टक्क्यांच्या वर सापडतात. या पेशी बघून जंतुसंसर्गच आहे असं समजलं जातं आणि मग अँटिबायोटिक दिलं जातं. तुमचे तीन कोर्स बहुधा असेच गेले. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती तुमच्या डोळ्यांदेखत होते. धाप लागलेली असताना डॉक्टर हायोसिनचं इंजेक्शन शिरेतून देऊ शकतात. साधारण दहा मिनिटांत पोटाचं ढकलणं कमी होतं की नाही, ते तुम्ही स्वतः बघा. जितकं कमी झालं तितका अडथळा स्नायूच्या आवळण्याचा होता. जो उरला तो चिकट कफाचा आणि सुजलेल्या, जाडावलेल्या भिंतींचा. हा परिणाम तासाभरात उतरतो, तेव्हा त्याला उपचार समजायचं नाही, पण झगडा कशाशी आहे ते त्यातून कळतं.

हायोसिन इतक्या झटपट का लागू पडतं? कारण तो स्नायू आपल्या मनाने आवळत नाहीये. मेंदूकडून येणारी व्हेगस नस त्याच्यापाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते, ते स्नायूवरच्या ग्राहींना (रसायनाचा निरोप पकडणाऱ्या जागांना) चिकटतं आणि स्नायू आवळतो. हायोसिन त्या ग्राहींची जागा अडवतं. निरोगी घोड्यात या आवळण्याला दोन लगाम असतात. नसेच्या टोकावरच असे ग्राही असतात जे "पुरे झालं" असं सांगून ॲसिटिलकोलीनचा पुरवठा कमी करतात. आणि दुसऱ्या प्रकारच्या नसा नायट्रिक ऑक्साइड सोडून स्नायूला सैल करतात. दम्याच्या घोड्यांच्या श्वासनलिकांवर प्रयोगशाळेत काम झालं तेव्हा हे दोन्ही लगाम ढिले पडलेले दिसले. त्यात सुजलेली अस्तरत्वचा, त्यात स्नायूला चिडवणारी आणखी रसायनं. म्हणजे टाच सतत लागतेय आणि लगाम हातातून सुटलाय.

एवढ्यावर थांबलं असतं तर औषधाने भागलं असतं. पण वर्षानुवर्षं आवळत राहिलेला हा स्नायू वाढतो. तीव्र दम्याच्या घोड्यांच्या बारीक श्वसननळ्यांत त्याचं प्रमाण निरोगी घोड्यांच्या साधारण दुप्पट आढळलंय. २०१६ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला फार महत्त्वाची वाटते. दम्याच्या घोड्यांच्या मोठ्या श्वासनलिकेतला स्नायू निरोगी घोड्यांसारखाच वागतो, पण फुप्फुसाच्या आतल्या बारीक नळ्यांतला स्नायू तेवढ्याच आकारात जास्त जोर लावतो. आकुंचन घडवणाऱ्या मायोसिन प्रथिनाचा झटकन काम करणारा प्रकार त्यात जास्त असतो. म्हणजे जिथे नळी सगळ्यात बारीक, तिथेच स्नायू सगळ्यात पहिलवान. वरचा १६ पटीचा हिशेब पुन्हा आठवा.

आता सिरप. क्लेनब्युटेरॉल स्नायूवरच्या वेगळ्या ग्राहींवर, बीटा-२ वर, काम करतं आणि स्नायूला सैल करतं. दहा दिवस घोडी बरी झाली, म्हणजे तिच्या आजारात स्नायूचा वाटा मोठा आहे हा पुरावाच मिळाला. पण हे ग्राही रोज रोज हाक मारली की ओ देईनासे होतात, त्यांची संख्याही घटते. सौम्य दम्याच्या घोड्यांना हे औषध सलग २१ दिवस देऊन पाहिलं, तर सुरुवातीला श्वासनलिका शांत झाल्या आणि शेवटी आधीपेक्षाही जास्त चिडखोर निघाल्या. तुमच्या घरी हेच घडलंय. तुम्ही काही चुकवलेलं नाही, डोस विसरला नाहीत, औषध बनावट नाही. डोस वाढवला तर घाम, थरथर, छातीची धडधड वाढेल. फायदा फारसा वाढणार नाही. (घोडी गाभण असेल तर हे औषध गर्भाशयालाही सैल करतं, विणं लांबवतं. तसं काही असेल तर डॉक्टरांना आजच सांगा.)

आणि याहून वाईट एक गोष्ट आहे. क्लेनब्युटेरॉल सूज कमी करत नाही. ते नळी उघडतं, आणि उघडलेल्या नळीतून तीच धूळ अधिक खोल जाते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका घोड्याला हेच सिरप महिनोन् महिने दिलं होतं. मालक समाधानी होते, मी समाधानी होते, घोडा त्याच गवताच्या गंजीशेजारी बांधलेला होता. मी त्या गंजीकडे बघितलंच नाही. पुढे तो घोडा इतका खालावला की मला आजही त्याचे डोळे आठवतात. म्हणून तुम्हाला इतकं विस्ताराने लिहितेय.

सूज उतरवतं ते स्टेरॉइड. त्याच्या नावाने घाबरू नका आणि त्याला हलकंही घेऊ नका. डॉक्टर बहुधा सुरुवातीला डेक्सामेथासोन देतील, त्याचा परिणाम दिसायला तीन-चार दिवस ते आठवडा लागतो, तेवढे दिवस धीर धरा. तोंडावाटे गोळी दिली तर ती प्रेडनिसोलोन आहे की प्रेडनिसोन, हे वेष्टनावर वाचून घ्या. नावं सख्ख्या बहिणींसारखी आहेत, पण प्रेडनिसोन घोड्याच्या शरीरात तोंडावाटे जवळजवळ लागूच पडत नाही. चांदणीचे खूर कधी गरम होऊन दुखले असतील, खूरदाह झाला असेल, तर स्टेरॉइडच्या आधी ते सांगणं अत्यावश्यक आहे. पुढच्या टप्प्यावर श्वासातून द्यायचं स्टेरॉइड चांगलं, ते थेट नळ्यांत पोचतं आणि बाकी शरीरावर भार कमी पडतो. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, फक्त नाकाने घेतो, म्हणून ही औषधं नाकपुडीला बसणाऱ्या मुखवट्यातून देतात. २०२० मध्ये युरोपात सायक्लेसोनाइड हे औषध खास घोड्यांसाठी अशा रूपात मंजूर झालं. माणसांचे फ्लुटिकासोनचे पंपही वापरले जातात. मुखवट्याची सवय लावायला आठवडा द्या. पहिल्या दिवशी नुसता हुंगू द्या, दुसऱ्या दिवशी नाकाला टेकवा, औषध मागाहून. स्टेरॉइडसोबत बीटा-२ ग्राहीही पुन्हा ओ देऊ लागतात, तेव्हा श्वासाचं नळी उघडणारं औषध डॉक्टर हाताशी ठेवायला सांगतील. त्याचा परिणाम काही तासच टिकतो. ते झटक्यासाठी आहे, रोजच्या रतिबासाठी नाही.

पण ताई, यातलं सगळं केलंत आणि धूळ तशीच ठेवलीत, तर पैसे आणि महिने दोन्ही जातील.

विश्रांतीतला घोडा एका श्वासात सुमारे ५ लिटर हवा घेतो. मिनिटाला बारा श्वास धरले तर ६० लिटर, दिवसाला ८० हजार लिटरांच्या वर. ही हवा तबेल्याच्या मधोमध नसते. ती चांदणीच्या नाकापुढची असते, आणि ते नाक दिवसाचे कित्येक तास गवतात खुपसलेलं असतं. तुम्ही दारात उभं राहून "हवा स्वच्छ आहे" म्हणता तेव्हा तिच्या नाकाजवळ धूळ कित्येक पट जास्त असते. वाळलेल्या गवतात ओल राहून गेली आणि ते तसंच बांधलं की आतून तापतं, बुरशी धरते. त्या बुरशीचे कण इतके सूक्ष्म असतात की नाकात अडकत नाहीत, थेट त्या बारीक नळ्यांपर्यंत उतरतात. गवत हिरवट आणि सुवासिक दिसलं तरी त्यात ते असू शकतात. धूळ पोचल्यावर चार-सहा तासांत न्यूट्रोफिल फुप्फुसात गर्दी करू लागतात. म्हणून कुरणावरून आणल्यावर तिसऱ्या दिवशी धाप, हे अगदी घड्याळाबरहुकूम झालं.

त्या पाच आठवड्यांनी तुम्हाला उपचार दाखवला होता. आराम मिळाला म्हणून किंवा हवापालट झाली म्हणून ती बरी झाली नाही. तिथे वाळलेलं गवत तिच्या नाकाजवळ नव्हतं. शक्य असेल तर तिला दिवसरात्र बाहेर ठेवा, आडोसा आणि पाणी एवढं पुरतं. थंडीने तिला दमा होणार नाही. एकच सावधगिरी, काही घोड्यांना उलट उष्ण-दमट दिवसांत कुरणावरच त्रास होतो. चांदणीला कुरण मानवलं, म्हणून मला ती त्यातली वाटत नाही, पण ऋतू बदलला की लक्ष ठेवा.

बाहेर ठेवणं जमत नसेल तर वाळलेलं गवत पूर्ण बंद करून दाबलेल्या कांड्यांचा चारा किंवा हवाबंद मुरवलेलं ओलसर गवत हा सर्वांत चांगला मार्ग. तेही नाही, तर भिजवा. वरून पाणी शिंपडणं म्हणजे भिजवणं नव्हे, पेंढी पाण्यात पूर्ण बुडाली पाहिजे, दहा ते तीस मिनिटं. तासन् तास ठेवलं तर साखर आणि क्षार धुऊन जातात, जंतू वाढतात. ओलं असतानाच खायला घाला, वाळलं की धूळ परत मोकळी. उरलेलं उचलून टाका, भिजवलेलं पाणी ओतून द्या. गव्हाण उंच असेल तर खाली आणा, जमिनीलगत. मान खाली घालून खाणाऱ्या घोड्याचा कफ आपसूक बाहेर वाहतो, मान वर बांधलेल्या घोड्याचा आत साचतो. जाळीत गवत भरून उंच टांगणं तर तिच्यासाठी फार वाईट, आणि कुरणात वाळलेल्या गवताचा मोठा गोल गठ्ठा ठेवणंही तितकंच, कारण घोडे त्यात डोळ्यांपर्यंत तोंड घालतात.

अंथरुणातला पेंढा काढा, लाकडाचे धूळ चाळलेले तुकडे किंवा रबराची चटई घाला. मूत्राचा उग्र वास साचू देऊ नका. झाडताना, गवत हलवताना चांदणी बाहेर हवी आणि अर्धा तास बाहेरच हवी. गवताचा साठा तिच्या डोक्यावरच्या माळ्यावर असेल तर बाकी सगळं केलेलं वाया जाईल, आधी तो हलवा. आणि शेजारच्या ठाणातल्या घोड्याला कोरडं गवत मिळत असेल तर त्याचीही धूळ तिच्याच नाकात जाते. हे सगळ्यात अवघड असतं, कारण त्यासाठी दुसऱ्याला सांगावं लागतं. तरी सांगा.

किती दिवस? इथे बहुतेक मालक निराश होतात, म्हणून आधीच स्पष्ट लिहिते. स्नायूचं आवळणं दिवसांत सैल होतं. सूज आणि कफ उतरायला आठवडे लागतात. पण वाढलेला स्नायू उतरायला महिने लागतात. माँट्रियलच्याच गटाने २०१२ मध्ये हे मोजलं. काही दम्याच्या घोड्यांना धुळीपासून दूर ठेवलं, काहींना श्वासातून फ्लुटिकासोन दिलं. वर्षभराने बारीक नळ्यांतला स्नायू दोन्हीकडे साधारण ३० टक्क्यांनी कमी झालेला आढळला. औषधवाल्यांत ही घट सहा महिन्यांतच दिसली, नुसत्या धूळ-परहेजवाल्यांना वर्ष लागलं. तीस टक्के म्हणजे पूर्ण नाही. तो स्नायू आधीसारखा होणार नाही, आणि ती कोरड्या गवताकडे परतली तर काही तासांत पुन्हा आवळेल. पण वर्षानुवर्षांचा दमा असलेल्या घोड्यांतही तो मागे सरकतो, हे कळलं तेव्हा मला स्वतःला फार बरं वाटलं होतं. तोवर आम्ही मालकांना "आता हे असंच राहणार" असं सांगत होतो.

म्हणून चौथ्या आठवड्यात घोडी छान दिसायला लागली की परहेज सोडू नका. न खोकणारी घोडी बरी झालेलीच असते असं नाही. घोड्याच्या फुप्फुसात इतकी राखीव क्षमता असते की बराच अडथळा असूनही तो उभ्या उभ्या ठीक दिसतो.

व्यायामाचं उत्तर अजून राहिलंय. धाप असेपर्यंत काहीही नाही. विश्रांतीतला श्वास दोन आठवडे सलग सोळाच्या आत राहिला आणि चाऱ्यापाशी खोकला थांबला की हाताने धरून चालवायला सुरुवात करा, मोकळ्या हवेत, धुळीच्या रिंगणात नाही. मग हळूहळू दुडकी चाल. खोकली की त्या दिवशी तिथेच थांबायचं. अनेक दम्याचे घोडे परहेज पाळून पुढे वर्षानुवर्षं हलकं काम आनंदाने करतात. शर्यतीची दौड मात्र तिच्याकडून मागू नका. आणि तिच्यापासून शिंगरू घ्यायचा विचार असेल तर पुन्हा विचार करा, या आजाराचा कल काही घराण्यांत उतरतो.

विकण्याबद्दल. तुम्हाला वर्षभर चारा भिजवणं, अंथरूण बदलणं, शेजाऱ्यांशी बोलणं खरंच शक्य नसेल, तर तिला दिवसरात्र कुरणावर ठेवणाऱ्या माणसाकडे देणं हा तिच्यासाठी चांगला पर्याय आहे, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फक्त आजार लपवून देऊ नका. न सांगता दिलेली अशी घोडी पुन्हा कोरड्या गवताच्या ठाणातच जाते. पण पत्रातली तुम्ही तिच्या मानेला धरून रडणारी आहात, म्हणून मला वाटतं तुम्ही तिला ठेवाल.

तसं असेल तर आजपासून एक वही करा. चांदणी शांत उभी असताना कुशीचं आत-बाहेर होणं पूर्ण एक मिनिट मोजा. आत आणि बाहेर मिळून एक श्वास. निरोगी घोड्याचा आकडा ८ ते १६ असतो. सकाळी चाऱ्याआधी एकदा, चाऱ्यानंतर तासाभराने एकदा, आणि ती बाहेर असेल तेव्हा एकदा, तिन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. किती वेळा खोकली आणि त्या दिवशी गवत कोणतं होतं, तेही. उन्हातून किंवा चालून आली असेल तर आधी थोडा वेळ जाऊ द्या. औषध सुरू व्हायच्या आधीचे तीन दिवसांचे आकडे मला हवेत आणि तुमच्या डॉक्टरांनाही. ते मोजायचं काम दादांकडे द्या.